पाटाकडे पाठ

तळ्याच्या भिंतीला आतल्या बाजूने दगडी पायऱ्या होत्या. सातवी पायरी उघडी पडली की सगळ्यांच्या पाण्याच्या वाट्या कमी करायच्या, असं आमच्या गावात ठरलेलं होतं. मी दहावीत होते त्या वर्षी सातवी पायरी उन्हाळा लागायच्या आधीच वर आली. बाबा तिच्यावर उकिडवे बसले, नखाने शेवाळ खरवडलं आणि म्हणाले, "बाई, तू इतक्या लवकर कशी?" एखादी पाहुणी न कळवता दारात उभी राहावी, तसे.

बाबा पाटकरी होते. तळ्याच्या दाराची चावी आमच्या घरी, दाराशेजारच्या खिळ्यावर असायची. वीतभर लांब, लोखंडी. घराचं दार लावलं की ती भिंतीवर डुलायची, आणि तिने घासून घासून गिलाव्यावर अर्धगोल उमटवला होता. सकाळी बाबा चावी घेऊन जायचे, चाक फिरवून दार उचलायचे, आणि मग फावडं खांद्यावर टाकून पाटाने खाली चालत निघायचे. पाटावर बारा शेतं. एकाची पाळी संपली की त्याचा बांध बुजवायचा, पुढच्याचा फोडायचा. सूर्य डोंगराला टेकला की तळ्याचं दार बंद. मग कुणाचं भिजो, न भिजो.

पाळी मोजायची ती वाटीने. तांब्याची वाटी, बुडाला सुई जाईल एवढं भोक. बादलीतल्या पाण्यावर ती सोडायची. हळूहळू भरत ती बुडाली, की एक वाटी पाणी झालं. वाटी असायची तळ्याजवळच्या खोलीत, वाटीआजीकडे. ह्या आजीला शेत नव्हतं, नातेवाईक नव्हते. खोलीला पाटाच्या बाजूने खिडकी नव्हती आणि आजी बसायची तीही पाटाकडे पाठ करून. कुणाच्या शेतात पाणी चाललंय ते तिला दिसायचं नाही. वाटी बुडाली की ती ओरडायची, "बुडाली!" पहिल्या शेतातला माणूस तेच दुसऱ्याला ओरडून सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि हाक पाटाबरोबर खाली जायची. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा ऐकून धावत सुटायचा. कोण बुडाली, कुठे बुडाली?

कुणाचं गाऱ्हाणं असलं तर ऐकायला तिघे होते. सुतारकाका, सुईणबाई आणि निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्याकडे ना चावी, ना वाटी.

हे असं तीन ठिकाणी का, हे कुणी विचारत नसे. एकदा मी बाबांना विचारलं होतं. चाकाला वंगण लावत होते. म्हणाले, "चप्पल चावत नाही तोवर ती कशी शिवली ते माणूस बघत नाही."

त्या वर्षी आम्हाला नागरिकशास्त्रात देशाची घटना होती. मला धडे मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ व्हायचे नाहीत. आईला घरात कटकट नको असायची, म्हणून मी पुस्तक घेऊन बाबांच्या मागे पाटावर जायची. ते बांधावर माती ओढायचे आणि मी वाचायची. "कायदा करणारे, कायदा राबवणारे आणि न्याय देणारे यांचे अधिकार वेगवेगळे ठेवलेले असतात. सर्व सत्ता एकाच हाती एकवटू नये, हा त्यामागचा हेतू होय."

"होय," बाबा म्हणायचे. माझ्या पुस्तकातल्या प्रत्येक 'होय'ला ते होय म्हणायचे. चार यत्ता शिकलेले. पण एकदा फावडं टेकवून म्हणाले, "हे लिहिणारा माणूस कुठल्या तरी पाटावरचाच असणार."

सातवी पायरी उघडी पडली, पाणी दिवसाआड सुटू लागलं आणि प्रत्येकाला दोनच वाट्या आल्या. बारा शेतं, चोवीस वाट्या. शेवटची वाटी बुडायला आणि सूर्य टेकायला एकच गाठ पडायची. मध्ये बोटभरही फट नव्हती.

त्यातच वाटीआजी खोलीच्या उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि शाळेच्या व्हरांड्यात गावाची बैठक बसली. वाटीवर कोण बसणार? शेत नसलेले दोघे-तिघे होते, त्यांच्यावर कुणाचा ना कुणाचा आक्षेप निघाला. हा अमक्याचा मेहुणा, तो तमक्याच्या दुकानात उधारी करतो. शेवटी सुतारकाकाच म्हणाले, "एवढी चर्चा कशाला? पाटकरी आहे ना. वाटी बादलीत घालून बरोबर नेईल. त्याच्याइतका सरळ माणूस गावात दुसरा दाखवा."

"मला नको," बाबा म्हणाले. "चावी आहे तेवढी पुरे."

"अरे, आजी बरी होईपर्यंत. चार दिवसांचा प्रश्न."

"शिवाय माझंही शेत आहे. सातवं."

"तू स्वतःला झुकतं माप देणार? तू?" सगळे हसले. बाबाही हसले. आपल्याला सगळे इतकं मानतात हे त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी ते पाहून फुशारले.

हात वर झाले. मागून एकच आवाज आला. "माझी हरकत आहे."

तो कुरकुऱ्या. पाटावरचा बारावा, शेवटचा. त्याला आई-बापांनी ठेवलेलं नाव असणारच, पण ते त्याच्या बायकोलासुद्धा आठवत नसावं. पाणी कमी आलं, पाणी गढूळ आलं, पाण्याबरोबर शेजाऱ्याचं तण आलं. त्याचं दर आठवड्याला एक गाऱ्हाणं ठरलेलं.

"तुझी हरकत सूर्य उगवायलाही असते," कुणीतरी म्हणालं.

"उशिरा उगवतो, म्हणून असते," कुरकुऱ्या म्हणाला. "पाटकऱ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दोन कामं दोन घरांत होती, ती एका घरात कशाला?"

"दुसरं कुणी सुचव."

त्याला सुचवता आलं नाही. हशा झाला, आणि वाटी बाबांच्या हातात आली.

दुसऱ्या दिवसापासून खोलीतली वाटी पाटावर आली. बाबांच्या एका खांद्यावर फावडं, दुसऱ्या हातात बादली. ज्याची पाळी त्याच्या बांधावर बादली ठेवायची, वाटी सोडायची आणि शेजारी बसायचं. आधी बांध फोडून-बुजवून त्यांना मान वर करायची सवड नसायची. आता वाटी बुडेपर्यंत बसून बघण्याखेरीज काम नव्हतं.

नववं शेत शिंपिणीचं होतं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. दिवसभर मशीन चालवून ती सकाळ-संध्याकाळ शेत बघायची. मका लावला होता. गुडघाभर वाढून तो थांबला, पानं सुरळीसारखी वळली. हात लावला की कागदासारखी वाजायची.

मी बाबांचा डबा घेऊन गेले तेव्हा ते तिच्याच बांधावर बसले होते. बादली पुढ्यात. वाटी काठोकाठ भरत आली होती, आता बुडणार, आणि बाबांचा अंगठा पाण्यात होता. वाटीच्या बुडाशी, नेमका भोकावर. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख तळ्याच्या दाराच्या साखळीत सापडून कधीचं गेलं होतं. नुसतं रुंद, गुळगुळीत मांस. भोक पुरतं झाकलं जात होतं.

माझी चाहूल लागूनही त्यांनी अंगठा काढला नाही. मक्याकडे बघत म्हणाले, "हिचा मका बघवत नाही गं."

मला माझे बाबा त्या क्षणी जितके आवडले तितके कधीच आवडले नव्हते. हे लिहिताना अजूनही संकोच वाटतो, पण खरं आहे. मी डबा उघडून त्यांच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी अंगठा काढला, वाटी बुडाली आणि ते ओरडले, "बुडाली!" दहाव्याने ओरडून अकराव्याला सांगितलं. बाराव्याचा आवाज आला नाही. त्याला पुढे सांगायला कुणी नव्हतं.

दोन आठवड्यांनी कुरकुऱ्याने गाऱ्हाणं घातलं. त्याच्या दुसऱ्या वाटीला सूर्य टेकतो, पाणी अर्ध्यात तुटतं, कांदा मानेत पिवळा पडला आहे. गावाने नेहमीसारखं हसण्यावारी नेलं. मग कळलं की त्याने घरातल्या वाटीला भोक पाडलं आणि तो आपल्या बांधावर बादली घेऊन बसतो.

"आता बायको वाढणार कशात?" लोक म्हणाले.

आमच्या घरी आईने ही बातमी चुलीशी सांगितली. बाबा जेवत होते. त्यांचा हात थांबला. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बायकांना काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

"कुणाला?" तिने एवढंच विचारलं.

"शिंपिणीला."

"आणि ते कुणाच्या तोंडचं?"

बाबांनी ताट पुढे सारलं.

"तुमच्या चांगुलपणाचं आता लोणचं घाला," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू काही बघितलेलं नाहीस. कळलं?"

गाऱ्हाणं ऐकलं गेलं ते रविवारी सकाळी. शाळेच्या व्हरांड्यात एक बाक, त्यावर तिघे. कुरकुऱ्या आपली बादली आणि वाटी घेऊन आला होता. पाणी सांडत आला, म्हणून येता येताच हसू झालं. तो म्हणाला, "सगळ्यांच्या वेळी पाटकऱ्याची वाटी आणि माझी वाटी एकदमच बुडते. हाक आली की माझी बुडालेली असते. एका नवव्याच्या पाळीला माझी दोनदाऐवजी तीनदा बुडते. चार पाळ्या बघितलं."

"तुझ्या भोकात कचरा अडकला असेल," पोस्टमास्तर म्हणाले.

"अडकला तर वाटी उशिरा बुडेल. माझी लवकर बुडते."

"मग पाण्यात मासा असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

सुतारकाकांनी हात वर करून हसू थांबवलं. ते बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. म्हणाले, "हे बघ, पाटकऱ्याला आम्ही तीस वर्षं ओळखतो. त्याला काय विचारायचं? विचारणं हाच त्याचा अपमान. पुढचं काही असेल तर बोला."

कुरकुऱ्या तसाच उभा राहिला. त्याची बादली गळत होती आणि त्याच्या पायाशी ओल पसरत होती. इतकी वर्षं मी त्याला कुरकुरतानाच बघितलं होतं. तो गप्प झालेला बघवेना. "माझं ऐकून तरी घ्या," तो म्हणाला. "मी नेहमी बोलतो म्हणून आजचं खोटं होत नाही."

तेव्हा बाबा उठले.

"त्याचं ऐका," ते म्हणाले. "मलाही विचारा. आणि मी सांगतो त्यावर जाऊ नका. बघितलेलं माणूस आहे इथे." त्यांनी माझ्याकडे हात केला. "तिला विचारा."

आईने माझा दंड धरला. मी तो सोडवून उभी राहिले, पण तोंड उघडेना. समोर बाबा. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सुईणबाई म्हणाली, "राहू दे पोरीला. बापाविरुद्ध कशी बोलेल?"

बाबा माझ्याजवळ आले. वंगणाचा आणि ओल्या मातीचा त्यांचा वास आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याकडे बघून नाही बोलता येणार. पाठ कर. आजी बसते तशी."

मी पाठ केली. समोर शाळेची भिंत होती, तिच्यावर कुणीतरी खडूने पाढे लिहिले होते. त्यांच्याकडे बघत मी अंगठ्याचं सांगितलं. बादली कुठे होती, मका केवढा होता, किती वेळ. ते काय म्हणाले तेही सांगितलं.

सगळ्यात आधी बोलली ती शिंपीण. ती खांबाशी उभी होती, गळ्यात टेप तशीच. बाबांना म्हणाली, "भाऊ, मी मागितलं होतं का? मागायचं असतं तर इथे, सगळ्यांसमोर मागितलं असतं. आता गाव म्हणेल, हिने पाटकऱ्याला हाताशी धरलं. मका मेला असता तर चाललं असतं मला." ती रडली नाही. बाबांची मान तिच्या बोलण्याने खाली गेली, माझ्या नाही.

तिघे वर्गात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. सुतारकाकांनी निकाल सांगितला, तेव्हा ते कुणाकडेच बघत नव्हते. ह्या हंगामापुरती चावी काढून कुंभाराकडे. वाटी खोलीत परत जाईल. आजी बरी होईपर्यंत तिच्यावर शेत नसलेले आळीपाळीने बसतील, पाटाकडे पाठ करूनच. आणि पीक निघेपर्यंत आमच्या शेताच्या दोन वाट्यांपैकी एक कुरकुऱ्याला.

"चावी काढा असं मी म्हटलं नव्हतं," कुरकुऱ्या पुटपुटला. "ऐका एवढंच म्हटलं होतं."

"आता ह्यालाही तुझी हरकत का?" पोस्टमास्तर म्हणाले. ह्या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

मग बाबांनीच विषय काढला, की शिंपिणीच्या मक्याचं काय. रीतसर विचारा. सुईणबाईने शिंपिणीला विचारलं, हवंय का? ती बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिली, मग "हवंय" म्हणाली. प्रत्येकाच्या वाटणीतलं थोडं थोडं कमी करून तिला जास्तीची एक वाटी द्यायची का, ह्यावर हात मागितले. पहिला हात कुरकुऱ्याचा वर झाला.

आमचं निम्मं शेत त्या वर्षी गेलं. आई दोन महिने कामापुरतं बोलत होती. माझ्याशीही. कुंभार भला माणूस, पण मातीकामाचे मऊ हात, त्याला चाक आवरायचं नाही. पाण्याच्या दिवशी तो बाबांना बोलवायचा. बाबा जायचे, किती वळसे, कुठे थांबायचं ते सांगायचे, आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. एकदा चाक मध्येच अडकलं, कुंभार घामाघूम झाला. बाबांची बोटं पाठीमागे एकमेकांत गच्च रुतलेली मी बघितली. पण हात सुटले नाहीत. बायका पाण्याला येता-जाता बघायच्या आणि त्यांच्यातली एखादी पदराआड हसायची.

मधल्या कोरड्या दिवशी बाबा पाटातला गाळ काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मी पुस्तक घेऊन जायचीच. आता आठवतं ते हेच. कोरड्या पाटात गुडघ्यावर बसलेले बाबा, फावड्याचा खसखस आवाज, काठावर मी. परीक्षा तोंडावर होती.

"तो धडा वाच," एक दिवस ते म्हणाले.

"कुठला?"

"तोच. एका हाती नको म्हणतो तो."

मी वाचला. ह्या वेळी ते 'होय' म्हणाले नाहीत. घमेलं रिकामं करून आले आणि म्हणाले, "मला वाटायचं हे चोरांसाठी लिहिलंय. चोराला कोण देतंय दोन्ही? चोराला सगळे ओळखून असतात." मग पुन्हा वाकले आणि वाकूनच म्हणाले, "लोक देतात ते चांगल्या माणसाला. तिथेच घोटाळा होतो."

पुढल्या हंगामात चावी परत आमच्या खिळ्यावर आली. सगळ्यांनी हात वर केले होते, एक सोडून. तेव्हापासून शेवटपर्यंत बाबा ती कुणाकडे द्यायची हे दर हंगामाला गावाला नव्याने ठरवायला लावायचे. आपणहोऊन नेऊन व्हरांड्यातल्या बाकावर ठेवायचे आणि हात वर झाल्याशिवाय उचलायचे नाहीत.

मी शिकले, शहरात गेले. कायद्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं काम केलं. देशोदेशीच्या घटनांवरची जाडजूड पुस्तकं माझ्या हाताखालून गेली, पुष्कळशी मी वाचलीही. सुट्टीत आले की बाबा विचारायचे, "काय म्हणतात तुझे लोक?" मी सांगायची. ते अंगठा चोळत ऐकायचे.

गेल्या महिन्यात ते गेले. पाचव्या दिवशी गावातली माणसं घरी आली. पुढे सुतारकाकांचा मुलगा. आता बैठकीत तोच बोलतो. म्हणाला, "ताई, आमच्या सगळ्यांच्या मनात आहे. चावी आता ह्याच घरात राहू दे. कायमची. तुम्ही नसाल इथे, तर तुमचा मुलगा, नाहीतर तुम्ही नेमाल तो माणूस. पण घर हेच. अशा माणसाचा एवढा तरी मान राखायला हवा."

चावी खिळ्यावर होती; पाच दिवस कुणीतरी सकाळी तळ्याचं दार उघडून ती परत आणून लावत होतं. तिच्या कडीवर बाबांच्या हाताने आलेली झिलई होती. मला ती हवी होती. इतकी हवी होती की मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"माझी हरकत आहे."

दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ कुरकुरेकाका उभे होते. नव्वदीला आलेले. काठी, डोळ्यांत मोतीबिंदू.

"अहो, आज तरी," सुतारकाकांचा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "आज पाचवा दिवस."

"माझ्या लक्षात आहे कितवा ते," काका म्हणाले.

मी म्हटलं, "त्यांना आत येऊ द्या. बोलू द्या."

ते आत आले, पण बसले नाहीत. "माणूस चांगला होता," म्हणाले. "म्हणूनच म्हणतो."

मी उठले, खिळ्यावरून चावी काढली आणि सुतारकाकांच्या मुलाच्या हातात दिली. म्हटलं, "शाळेतल्या बाकावर ठेव. हात वर होऊ देत."

माणसं गेली. काका तेवढे राहिले. मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी थांबून थांबून प्यायलं. भांडं खाली ठेवून भिंतीवरच्या त्या अर्धगोलाकडे बघत राहिले. दिसत होता की नाही कुणास ठाऊक.

"आता कुरकुर करायची कुणाकडे?" ते म्हणाले. "इतर लोक नुसते हसतात. तो ऐकायचा. मग म्हणायचा, तुझं अर्धं खरं आहे."

"अर्धंच?"

"अर्धंच म्हणायचा. त्याला माझी हरकत होती."

तळ्याकडून हाक आली. एका शेतातून दुसऱ्या शेतात, पाटाबरोबर खाली जात राहिली. काकांनी बोटावर मोजलं, काठी शोधली आणि उठले. त्यांची पाळी अजूनही शेवटची होती, आणि वेळेवर बांधावर पोचायचं होतं.